मारहाण झाली, आता जायचं कुठे? घरावरचं नाव का महत्त्वाचं, समजून घ्या

मारहाण झाली की बाई माहेरी जाते. चार दिवसांनी नातेवाईक बैठक बसवतात, समजूत घालतात आणि ती पुन्हा नांदायला येते. कडेगावच काय, कुठल्याही गावाला हे नवं नाही. ती परत का जाते? अनेकदा राहायला दुसरी जागाच नसते म्हणून.

सांगली-साताऱ्यात ही अडचण १९८०च्या दशकातच ओळखली गेली. कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांच्या पुढाकाराने स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांना संघटित केलं. (कडेगाव तेव्हा खानापूर तालुक्यात होतं.) पोटगी हवी, घराला जागा हवी आणि स्वतंत्र रेशनकार्ड हवं, या मागण्या होत्या. रेशनकार्ड किरकोळ वाटतं? नाव नवऱ्याच्या कार्डावर असेल, तर घर सुटलं की धान्यही सुटतं.

नावाने खरंच फरक पडतो?

प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. नावावर ना जमीन ना घर, अशा महिलांपैकी ४९ टक्के महिलांनी संसारात मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के. एका जिल्ह्याचा अभ्यास सगळीकडे तसाच लागू होईल असं नाही, पण फरक दुर्लक्ष करण्याइतका छोटाही नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’तून जमीन बायकोच्या नावे करा, असं शेतकऱ्यांना सांगितलं होतं.

घर नावावर नसेल तर?

तरी बाहेर काढता येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार नांदत्या घरात राहण्याचा हक्क आहे. मालकी मात्र मिळत नाही. घर सासऱ्यांचं असलं तरी हा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. गरज पडल्यास न्यायालय नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं किंवा दुसऱ्या घराचं भाडं द्यायला लावू शकतं.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडू शकतात, म्हणून राहण्याबाबतचा अंतरिम आदेश सुरुवातीलाच मागावा.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१.