परीक्षक लवकर येतो तेव्हा

टिपणं तयार आहेत, संदर्भ जमलेत, भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे बांधून ठेवलेत आणि पहिलं प्रकरण मात्र महिनोन्‌महिने दीड पानावर थांबलंय. संशोधन करणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला हे सर्रास येतं. या अडण्याला ‘रायटर्स ब्लॉक’ हे नाव १९४७ मध्ये एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकानं दिलं. त्याचं मूळ त्याला बालपणातल्या अतृप्तीत दिसलं. ते मत आता मागं पडलं, तरी हा काहीतरी गूढ आजार आहे ही समजूत उरली. आपण त्यालाच ‘मूड लागत नाही’ म्हणतो. उपलब्ध पुरावा पाहता मला ते पटत नाही. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याकडे विचारांची वाण नसते. तपासणारं मन लिहिणाऱ्या मनाच्या आधीच येऊन बसलेलं असतं.

लिहिताना काय सांगायचं ते ठरवणं, ते वाक्यात उतरवणं आणि उतरलेलं तपासणं ही तिन्ही कामं आलटून पालटून चालतात. ज्या कार्यकारी स्मृतीच्या भरवशावर ती चालतात तिची जागा फार थोडी. तपासणीनंच ती अडवली की वाक्य जुळवायला काही उरत नाही. माइक रोज यांनी १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. त्यातल्या पाच जणांचं लेखन अडत होतं, पाच जणांचं नव्हतं. अडणाऱ्यांच्या डोक्यात ताठर नियम होते. एकीला प्रत्येक वाक्य पहिल्याच फटक्यात व्याकरणशुद्ध हवं होतं. दुसरी दिवसचे दिवस इतका गुंतागुंतीचा आराखडा काढत बसे, की त्यातून लेखाकडे यायला वाटच उरत नसे. नियम दुसऱ्या गटाकडेही होते, पण ते जरूर पडल्यास वाकवता येणारे होते.

मराठवाड्यात या ताठर नियमांमध्ये भाषेचा नियम मिसळतो. घरात ‘मी यायलो’ म्हणणाऱ्या मुलाला शाळा ‘मी येत आहे’ शिकवते, आणि पहिलं अशुद्ध असल्याचं त्याच्या मनावर बिंबतं. पुढं प्रबंध इंग्रजीत लिहायचा असेल तर आणखी एक भाषा वर चढते. म्हणजे वाक्य कागदावर यायच्या आधीच त्याची दोनदा परीक्षा होते. याच मराठवाड्यातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक सुरू केलं आणि अनेक दशकं नेटानं चालवलं. घराण्यात आधी कुणी लिहिलेलं नाही अशा अनेकांचं लेखन त्यात आलं. दलित साहित्याच्या इतिहासात या नियतकालिकाची नोंद आहेच. मला त्यात मानसशास्त्राच्या दृष्टीनंही मोलाची गोष्ट दिसते: तुझ्या बोलीत लिही, आम्ही वाचायला बसलो आहोत, हा भरवसा. लेखक-वाचक मेळाव्यांनी तर तो वाचक समोरच आणून बसवला. अर्थात हा काही नियंत्रित प्रयोग नव्हता, पण रोज यांचे निष्कर्ष ज्या दिशेला बोट दाखवतात, त्याच दिशेचं हे उदाहरण आहे.

नियंत्रित प्रयोग १९८३ मध्ये रॉबर्ट बॉइस यांनी प्रसिद्ध केला. लेखन अडल्याची तक्रार असलेल्या २७ प्राध्यापकांचे तीन गट केले. एकानं निकडीखेरीज लिहायचंच नाही, दुसऱ्यानं मनात येईल तेव्हा लिहायचं, तिसऱ्यानं ठरल्या वेळी रोज लिहायचं. न लिहिल्यास नावडत्या संस्थेला देणगीचा धनादेश जाणार. तिसऱ्या गटाची पानं दुसऱ्याच्या साडेतीनपट भरली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नव्या कल्पनाही जवळपास दुप्पट सुचल्या. आधी सुचतं मग लिहितो, हा आपला क्रमच त्यानं उलटा केला. गट लहान होते आणि शिक्षेचा धाक सगळ्यांना मानवेल असंही नाही, ही त्याची मर्यादा. तरी कच्चं लिहिल्यानं कल्पना आटतात ही भीती त्यातून खरी ठरत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग ‘कोसला’चं काय? १९६३ मध्ये आलेली ती कादंबरी भालचंद्र नेमाडे यांनी पंधरा-सोळा दिवसांत लिहिली. रोजच्या ठरावीक तासाचा तिथं संबंध नव्हता. खरं आहे. पण पाठ्यपुस्तकी मराठीच्या परीक्षकाला दाराबाहेर ठेवूनच तिचा नायक पांडुरंग सांगवीकर बोलू शकला, आणि माझा मूळ मुद्दा तोच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: थांबल्यानंही सुचतं. सिओ आणि ऑर्मेरॉड यांनी २००९ मध्ये ११७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा विसाव्याचा लाभ स्पष्ट दिसला. मात्र विसाव्याआधी प्रश्नाशी जास्त वेळ झटलेल्यांना तो जास्त झाला. कोऱ्या पानापासून उठून गेलेल्याला हा लाभ मिळेल असं त्यातून म्हणता येत नाही. नैराश्यानं झोप, भूक, बोलणंही हरवलं असेल तर मात्र वेळापत्रक पुरत नाही. तिथं डॉक्टरकडेच जायला हवं.

कच्च्या खर्ड्यानं अंतिम लेखन सुधारतं का? रोनाल्ड केलॉग यांच्या १९८८च्या प्रयोगांत तसं आढळलं नाही. गुणवत्ता वाढली ती आधी काढलेल्या आराखड्यानं. म्हणून खर्ड्याकडून चांगल्या लेखनाची अपेक्षा ठेवू नये, लेखन सुरू होण्याची ठेवावी. पीएच.डी.साठी २०२२च्या नियमांनुसार साधारण सहा वर्षांची मुदत आहे आणि इतकी लांबची तारीख आज लिहायला बसवत नाही. मार्गदर्शकांनी दर सोमवारी दोन पानं मागावीत, ज्या बोलीत येतील त्या बोलीत, एका कागदावरच्या आराखड्यासह; आणि निदान पहिले तीन महिने त्यांवर लाल पेन चालवू नये.