गाळा देताना, गाळा घेताना

पुण्यात शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराला रस्त्याच्या बाजूने एक गाळा होता. १९७१ साली वडिलांनी तो ओळखीतल्या एका गृहस्थांना चाळीस रुपये महिन्याने दिला. कागद केला नाही. घरच्यासारख्या माणसाशी कसला कागद करायचा, असे त्यांचे म्हणणे. ते गृहस्थ भले होते, पाच तारखेला भाडे आणून द्यायचे. १९८८ मध्ये धाकट्या भावाने दुकान टाकायचे ठरवले आणि वडील गाळा परत मागायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "नाना, या वयात मी आता कुठे जाऊ?" त्यांचेही चूक नव्हते. सतरा वर्षांचे गिऱ्हाईक त्या पायरीशी बांधलेले. प्रकरण कोर्टात गेले. २००९ साली गाळा ताब्यात आला, तेव्हा वडील नव्हते आणि भावाला दुकानाची हौस उरली नव्हती.

गेली अनेक वर्षे निवृत्त मंडळी मला एकच प्रश्न विचारतात. फंडाचे पैसे आले आहेत, एक गाळा घेऊन ठेवू का? दरमहा भाडे येत राहील. त्यांना मी आधी ही गोष्ट सांगतो आणि मग हिशेबाकडे वळतो.

आमचे भाडे चाळीस रुपयेच का राहिले? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली होती. १ सप्टेंबर १९४० चे भाडे, किंवा त्यानंतर जागा पहिल्यांदा दिली असेल तर त्या वेळचे भाडे, हे प्रमाण भाडे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ही व्यवस्था मनमानी ठरू लागल्याचे म्हटले आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला चार टक्के वाढ आली. आमचे चाळीस रुपये त्या हिशेबाने २००९ पर्यंत जेमतेम साठीच्या घरात गेले.

या नव्या कायद्यातली एक गोष्ट अजूनही लोकांच्या गळी उतरलेली नाही. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असे दहापैकी आठ जण ठामपणे सांगतात. नोंदणीच्या केंद्रीय कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. पण महाराष्ट्रात या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो पाच वर्षांचा असो की पाच महिन्यांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर ज्या अटींवर जागा घेतली असे भाडेकरू सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात. खोट्या ठरवायच्या तर मालकाने सिद्ध करायचे.

खर्चाची भीती असेल तर आकडे पाहा. समजा, बत्तीस हजार रुपये भाडे, दोन लाख अनामत आणि पाच वर्षांचा लीव्ह अँड लायसन्स करार. एकूण भाडे एकोणीस लाख वीस हजार, त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून एक लाख. या वीस लाख वीस हजारांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पाच हजार पन्नास रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. पाच वर्षांची झोप सहा हजारांत मिळत असेल, तर ती महाग म्हणता येणार नाही.

मात्र इथे एक खाच आहे. राहत्या घराचा लायसन्स करार संपला आणि माणूस बाहेर पडला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि निकाल त्या मानाने लवकर लागतो. ही सोय फक्त निवासी जागेसाठी आहे. दुकानाच्या गाळ्यासाठी कोर्टातच जावे लागते. म्हणून बँक भाडेकरू मिळाली की मालक खूश असतात. बँका, तसेच एक कोटी किंवा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या, यांना या अधिनियमाचे संरक्षणच नाही.

आता गुंतवणुकीचा हिशेब. चौसष्ट लाखांचा गाळा आहे आणि बत्तीस हजार भाडे येईल, असे एजंट सांगतो. वर्षाचे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार, म्हणजे बरोबर सहा टक्के. ऐकायला छान. पण पुण्यात सात टक्के मुद्रांक आणि तीस हजार नोंदणी धरली, तर तुमच्या खिशातून जवळजवळ एकोणसत्तर लाख गेले. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत गाळा रिकामा राहतोच. सरासरी वर्षाला एक महिना धरा. मिळकत कर आणि सोसायटीची वर्गणी मिळून बावन्न हजार धरा. हातात राहिले तीन लाख, म्हणजे साडेचार टक्क्यांनाही थोडे कमीच. आयकर अजून वजा व्हायचा आहे. पुढे किंमत वाढेल, ही आशा वेगळी. तिच्यावर महिन्याचा किराणा येत नाही.

जागा बघायला जाल तेव्हा एजंटला बरोबर नेऊ नका. मंगळवारी सकाळी एकदा आणि रविवारी संध्याकाळी एकदा समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभे राहा. किती माणसे जातात यापेक्षा किती थांबतात ते पाहा. रस्त्यात दुभाजक झाला की पलीकडचे गिऱ्हाईक तुटते. उड्डाणपूल आला तर त्याखालच्या दुकानांची काय गत होते, हे पुणेकरांना सांगायला नको. स्कूटर लावायला जागा आहे का, पायऱ्या किती, थ्री फेज वीज आहे का, हे सगळे तिथेच कळते.

मग कागद. मंजूर नकाशात ती जागा दुकान म्हणूनच दाखवली आहे ना? पार्किंग भिंत घालून विकलेले असते, राहत्या सदनिकेला शटर बसवलेले असते. भोगवटा प्रमाणपत्र मागा. किंमत चटई क्षेत्रावर ठरवा. ४८० फूट म्हणून विकलेला गाळा टेप लावल्यावर ३२० भरतो. आणि दुकानासमोरची मोकळी जागा, जिला सगळे मार्जिन म्हणतात, ती तुमच्या दुकानाची नव्हे. तिच्यावर पत्रे टाकून हॉटेलची टेबले मांडतात, मालक तिचेही भाडे लावतो आणि एक दिवस महापालिकेचा जेसीबी येतो.

गाळा भाड्याने घेणाऱ्यांसाठीही थोडे सांगतो, कारण नेहमी मालकाच्याच बाजूने बोलले जाते. एका तरुण जोडप्याने बेकरीसाठी भट्टी, फरशी, काउंटर यांवर सहा लाख घातले आणि करार अकरा महिन्यांचा. बाराव्या महिन्यात मालकाने भाडे दीडपट केले. जेवढा खर्च जास्त तेवढी मुदत लांब हवी. मुदतीच्या आत मालकाला काढता येऊ नये आणि तुम्हाला मात्र नोटीस देऊन निघता यावे, अशी अट आधीच मागावी. अनामत चावी देतानाच परत मिळेल, हेही लिहून घ्यावे. जीएसटीचे विचारून ठेवा. दुकानाच्या भाड्यावर तो अठरा टक्के आहे. तुमची नोंदणी आहे आणि मालकाची नाही, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो तुम्हीच भरायचा आहे. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यांना १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळले आहे.

मॉलमधल्या गाळ्याबद्दल हल्ली बरेच विचारतात. तिथे भाड्याशिवाय सामाईक देखभालीचा आकार असतो आणि काही ठिकाणी विक्रीतला वाटाही द्यावा लागतो. मॉल चालला तरच तुमचा गाळा चालतो. मुंबईत ताडदेवचा क्रॉसरोड्स १९९९ साली सुरू झाला तेव्हा तो बघायला रांगा लागत. पुढे नाव बदलले, नवे मॉल आले आणि तिथली गर्दी ओसरली. ज्यांना या धंद्यात थोडीच रक्कम घालायची आहे, त्यांच्यासाठी मे २०२३ पासून मॉलच्या मालमत्तेचा आरईआयटी शेअर बाजारात आहे. त्याचे एक युनिटही घेता येते आणि वाटपयोग्य रकमेतले किमान नव्वद टक्के गुंतवणूकदारांना द्यावेच लागतात. भाव वरखाली होतो, पण भाडेकरूच्या दारात जाऊन उभे राहावे लागत नाही.

आमचा शनिवार पेठेतला गाळा सध्या एका औषध दुकानाला दिला आहे. करार पाच वर्षांचा, नोंदलेला. त्या मुलाचे वडील माझ्या वर्गातले. "काका, आपल्यात कागद कशाला?" असे तो म्हणाला होता. मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून नोंदणी कार्यालयात घेऊन गेलो.