क्लच बिघडला म्हणण्यापूर्वी...

पनवेल सोडले की कर्नाळ्याची खिंड, पुढे पेण, वडखळ आणि नागोठणे. तेथून रोह्याला वळावे तर वाटेत भिसे खिंड उभी असतेच. जुन्या फियाट, पद्मिनी वा अॅम्बेसेडरच्या मालकाला आपल्या गाडीच्या क्लचची खरी ओळख याच चढांवर होते. सपाट रस्त्यावर निमूटपणे चालणारी गाडी खिंडीत इंजिनाचा आवाज वाढवते, पण वेग वाढत नाही. मग मेकॅनिक सांगतो, 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल.' हा निर्णय खर्चाचा असल्याने तो घेण्यापूर्वी बिघाड नेमका ओळखणे शहाणपणाचे.

क्लचचे काम तसे साधे आहे. इंजिनासोबत फिरणारे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट स्प्रिंगच्या जोरावर घट्ट दाबलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, हा दाब सुटतो आणि इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तात्पुरता तुटतो. तेव्हा तक्रारी मुख्यतः दोनच उरतात: प्लेट नीट धरत नाही, किंवा नीट सोडत नाही.

क्लच घसरतो तेव्हा

मोकळ्या, सपाट जागी, समोर कोणी नाही याची खात्री करून हँडब्रेक पूर्ण ओढावा. तिसरा गिअर टाकून इंजिनाचा वेग किंचित वाढवावा व पेडल हळूहळू सोडावे. निरोगी क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. इंजिन चालूच राहिले, तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी वारंवार करू नये, कारण तीच प्लेट जाळते.

मात्र घसरणारी प्लेट झिजलेलीच असते असे नाही. आधी पेडलची मोकळी चाल पाहावी. ती साधारण दोन-अडीच सेंटिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. चाल उरलीच नसेल तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो. अशा वेळी जोडणी जुळवून घेणे पुरेसे ठरते. चाल योग्य असूनही घसरण होत असेल, तर प्लेटची झीज, थकलेल्या स्प्रिंग किंवा इंजिनाच्या मागील सीलमधून झिरपणारे तेल यांपैकी एक कारण असते. गाडीखाली इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी तेलाचा थेंब दिसला, तर केवळ प्लेट बदलून भागत नाही. सील तसेच राहिल्यास नवी प्लेटही लवकरच तेलकट होते.

क्लच सुटत नाही तेव्हा

पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबावे व मग रिव्हर्स टाकावा. खरखर झाली तर प्लेट अजून फिरते आहे. हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाडीत पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर सहज पडला, तर दोष बहुधा पाइपातील हवेत किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडरच्या गळतीत असतो. गिअरबॉक्सला हात लावण्याची तेव्हा गरज नसते.

कोकणातील पावसाळा येथे आणखी एक कारण जोडतो. चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीची प्लेट दमट हवेत गंजून फ्लायव्हीलला चिकटते. दसऱ्याला गाडी बाहेर काढताना गिअर पडेना, तर प्रथम हीच शंका घ्यावी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून पेडल काही वेळा दाबले, तर हा प्रसंग टळतो.

आवाज आणि थरथर

न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू असताना पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. पेडल दाबल्यावर आवाज थांबला, तर गिअरबॉक्समधील बेअरिंग तपासावे. गाडी सुटताना थरथरत असेल, तर आधी इंजिनाची माउंटिंग पाहावीत. ती सैल असणे हेही एक सामान्य कारण आहे.

जुन्या प्लेटच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते. म्हणून उघडलेल्या क्लचवर हवा मारून धूळ उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अशा गाड्यांचे नवे भाग आता कारखान्यातून येत नाहीत. त्यामुळे चांगला भाग विनाकारण बदलणे हे केवळ खर्चाचे नव्हे, तर पुन्हा न मिळणारी वस्तू गमावण्याचे कारण ठरते.