डासांवर बुरशीचा उपाय

श्रावणात कधी सोयाबीनच्या शेतात गेलात तर पाने जरा निरखून पाहा. पानाला चिकटून मेलेली एखादी अळी कदाचित दिसेल. तिच्या अंगावर पांढरी किंवा हिरवट भुकटी चढलेली असते. ही अळी बुरशीने मेलेली असते. बुरशी म्हणजे उर्दूतील फफूंद. पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर येते, तीही बुरशीच. पण किडे मारणारी जात वेगळी. मेटारायझियम नावाची अशी बुरशी शेतकरी हुमणीसाठी वापरतात. हीच बुरशी डासांनाही मारते.

आपल्या जिल्ह्याला डासांचा त्रास नवा नाही. 1936 मध्ये गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले आणि त्याच वर्षी हिवतापाने आजारी पडले. त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात हलवावे लागले. हत्तीपाय हाही इथला जुना रोग. उर्दूत त्याला फील-पा म्हणतात. ‘फील’ म्हणजे हत्ती, हे तुम्हांला माहीत आहेच. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात या रोगावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे.

आता बुरशीचे काम पाहा. तिचे बीजाणू धुळीसारखे बारीक असतात. डास त्यांवर बसला की ते त्याच्या पायांना चिकटतात, तेथे रुजतात आणि कातडी भेदून आत शिरतात. बुरशी आत वाढत जाते व डास मरतो. मात्र त्याला एक-दोन आठवडे लागतात.

इतके सावकाश औषध काय कामाचे, असे तुम्ही विचाराल. खरी गंमत येथेच आहे. रोग्याचे रक्त पिताच डासाची मादी रोग पसरवू लागत नाही. (चावते ती मादीच!) हिवतापाचा जंतू तिच्या शरीरात तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. त्याआधी ती मेली तर रोग पुढे जात नाही. शिवाय बुरशी लागलेली मादी कमी चावते.

दुसरा फायदाही या सावकाशपणातच आहे. 1953 पासून आपल्या देशात घरोघर डीडीटी फवारले गेले. हिवताप खूप घटला. पण जे डास वाचले त्यांचीच प्रजा वाढली आणि पुढे अनेक ठिकाणी औषध लागू पडेना. बुरशीने मरण्याआधी मादी बहुधा अंडी घालून मोकळी होते. म्हणून बुरशीला न जुमानणारे डास लवकर निपजणार नाहीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

टांझानियातील एका खेड्यात हा प्रयोग झाला. त्याची माहिती 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. बीजाणू लावलेली काळी सुती कापडे घरांत छताला टांगली होती. रक्त पिऊन जड झालेले डास त्यांवर विसावत. ज्यांना बुरशी लागली, ते इतरांपेक्षा लवकर मेले.

अडचण आहे ती उन्हाची. उष्णतेने बीजाणू मरतात आणि वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. बीजाणू तेलात कालवले तर अधिक टिकतात, असे आढळले आहे. तरी एकदा टांगले की वर्षभर चालेल, असे कापड अजून झालेले नाही. तोवर मच्छरदाणी आहेच.