एक मिनिट आणि दोन आठवडे

मुलांनो, अमरावतीहून परतवाडा ओलांडून पुढे गेले, की सातपुड्याचे डोंगर सुरू होतात. हा मेळघाटचा प्रदेश. चिखलदरा आणि धारणी हे त्याचे दोन तालुके. दाट जंगल, वळणावळणाचा घाट आणि दूरदूर वसलेली कोरकू लोकांची गावे. अशा गावात एखाद्या तान्ह्या बाळाला ताप आणि खोकला आला, तर काय करावे? मोठे रुग्णालय अमरावतीला किंवा अकोल्याला. तिथे पोहोचेपर्यंत उशीर झाला तर?

असाच प्रश्न विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे उभा होता. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन हे पती-पत्नी १९८६ मध्ये गडचिरोलीला आले. गावोगावी लहान मुले कशाने दगावतात, याची त्यांनी नोंद ठेवली. तेव्हा दिसून आले, की न्यूमोनिया हे त्याचे एक मोठे कारण आहे.

न्यूमोनियात जंतूंमुळे फुप्फुसाला सूज येते. शरीराला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून मूल भराभर श्वास घेऊ लागते. म्हणजे या रोगाची खूण श्वासातच असते. मूल शांत असताना एक मिनिटभर त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून अधिक भरले, तर धोका समजावा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळासाठी हा आकडा ५० आहे आणि एक ते पाच वर्षांच्या मुलासाठी ४०.

पण गावातल्या दायांना एवढे आकडे मोजता येत नव्हते. काहींना तर दहा-बाराच्या पुढे मोजणे अवघड होते. मग बंग यांनी एक साधे साधन तयार केले. त्यात मण्यांच्या दोन ओळी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ होते. एक ओळ अगदी लहान बाळांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे. निरक्षर दाईसुद्धा हे काम करू लागली.

न्यूमोनिया ओळखून गावातच औषध देण्याची पद्धत ५८ गावांत वापरली गेली. तुलनेसाठी आणखी ४४ गावांची नोंद ठेवली होती. वर्षभराने पाहिले, तेव्हा या ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू दुसऱ्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते. १९९० मध्ये हे संशोधन ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मेळघाटातही डॉ. आशिष सातव आणि डॉ. कविता सातव यांच्या ‘महान’ संस्थेने धारणी भागात गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यसेविका केले. त्या घरोघरी जाऊन आजारी मुलांची काळजी घेऊ लागल्या.

न्यूमोनिया धावत येतो. फुप्फुसाचा दुसरा मोठा आजार, क्षयरोग, मात्र दबक्या पावलांनी येतो. त्यालाच आपण टी.बी. म्हणतो. त्याचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये शोधून काढले. लहान मुलांना हा रोग बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडूनच होतो. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडले, तर रोग उलटू शकतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. जन्मल्यावर बाळाला बी.सी.जी. लस दिली, तर टी.बी.च्या गंभीर प्रकारांपासून त्याचे रक्षण होते. टी.बी. हा शाप नाही, तो जंतूंचा आजार आहे. त्याची लाज बाळगून तो लपवू नये.

मुलांनो, तुम्हांला घड्याळ पाहता येते आणि साठपर्यंत मोजताही येते. घरातले लहान भावंड तापाने आणि खोकल्याने आजारी पडले, तर त्याच्या पोटाकडे पाहून श्वास मोजा. आकडा जास्त आला, किंवा मूल दूध पीत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. आई-वडिलांना सांगा आणि बाळाला लगेच दवाखान्यात न्यायला लावा. औषध डॉक्टर देतील, पण वेळेवर हाक मारण्याचे काम तुमचे आहे.