दगड लागला नाही, मग भीती कशाची?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीतल्या चुका सांभाळून घ्या. पाचवीत असताना एका बंदच्या दिवशी आमच्या स्कूलबसवर दगड आला. काच फुटली, लागलं कुणालाच नाही. "काही झालं नाही ना? मग रडतेस कशाला?" असं सगळे म्हणाले. पण पुढे कित्येक दिवस मी सीट सोडून बसमध्ये खालीच बसायचे. असं का, ते अलीकडे बेलफास्टबद्दल वाचताना कळलं.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांचा राजकीय संघर्ष जुना. १९९८ मध्ये शांतता करार झाला, तरी जून २००१ मध्ये होली क्रॉस या मुलींच्या प्राथमिक शाळेचा रस्ता निदर्शकांनी अडवला. सुट्टीनंतर, सप्टेंबर ते नोव्हेंबर, लहान लहान कॅथलिक मुली पोलिसांच्या ढालींमधून शाळेत जात होत्या. बाजूने शिव्या, शिट्ट्या. ५ सप्टेंबरला तर बॉम्ब फेकला गेला. त्यात जखमी पोलीस झाले, पण मुली रात्री दचकून उठू लागल्या, अंथरूण ओलं करू लागल्या.

याचं कारण काय? मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्याला आपला फायर अलार्म समजा. धोका दिसला की तो वाजतो, छाती धडधडते, अंग ताठ होतं. धोका टळला की तो बंद व्हायला हवा. पण रोज वाजला, किंवा एकदाच फार जोरात वाजला, तर त्याचं सेटिंग बिघडतं. मग धूर कशाला, उदबत्तीही पुरते! फटाका, शिट्टी, गर्दी, सगळाच धोका वाटतो. लक्ष दाराकडे, फळ्याकडे नाही. मोठी माणसं हे बोलून दाखवतात. लहान मुलांकडे तेवढे शब्द नसतात, म्हणून पोट दुखतं, अंगठा तोंडात जातो, आईचा पदर सुटत नाही. आणि आपण म्हणतो, पोरगं आळशी झालंय.

दिलासा हा, की बहुतेक मुलं सावरतात. त्यासाठी रोजचं ठरलेलं वेळापत्रक आणि शांतपणे ऐकणारं एक मोठं माणूस लागतं. बोलायची जबरदस्ती मात्र नको. महिन्यानंतरही त्रास राहिला तर समुपदेशकाकडे न्यावं.

आपल्या हॉस्टेलमधूनही कुणी कुणी मोर्चाला जातं. जरूर जा, घोषणा द्या, तो आपला हक्कच आहे. फक्त वाटेत स्कूलबस दिसली तर तिला आधी जाऊ द्या. आणि घरी धाकटं भावंड घाबरलं असेल तर "काही झालं नाही ना?" असं नका विचारू. "भीती वाटली का रे?" एवढंच विचारा. मला ते कुणी विचारलं असतं, तर मी सीटवर बसले असते.