जागेवरच राहिलेला इतिहास : जर्मनीच्या रूर प्रदेशातील संग्रहालये

पश्चिम जर्मनीतील रूर प्रदेशात संग्रहालय पाहायला जाणे म्हणजे बहुतेक वेळा बंद पडलेल्या खाणीत किंवा कारखान्यात जाणे असते. एसेन, बोखुम, डॉर्टमुंड, ड्यूसबुर्ग, ओबरहाउझेन ही इथली शहरे एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की त्यांच्या सीमा परक्या माणसाला कळत नाहीत, आणि ती सगळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दगडी कोळसा व पोलाद यांच्या जोरावर फोफावली. भारताशीही या प्रदेशाचे नाते आहे, कारण १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या राउरकेला पोलाद कारखान्याच्या उभारणीत एसेनची क्रुप आणि ड्यूसबुर्गची डेमाग या कंपन्यांचा मोठा हात होता. १९५८ पासून मात्र खनिज तेल आणि परदेशी कोळसा स्वस्त पडू लागला, त्यांच्यापुढे इथल्या खोल खाणींतला कोळसा टिकेना, आणि खाणी एकामागून एक बंद होऊ लागल्या.

रिकाम्या झालेल्या या वास्तूंकडे प्रथम केवळ भंगार म्हणूनच पाहिले गेले. डॉर्टमुंडमधील त्सोलर्न खाण १९६६ मध्ये बंद झाली, तेव्हा तिचे यंत्रघरही पाडण्याचे ठरले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीचे हे यंत्रघर लोखंड आणि काचेचे आहे, त्याच्या प्रवेशद्वारावर वेलीसारख्या वळणांची रंगीत काच आहे, आणि ही त्या काळच्या ‘युगेंडस्टील’ नावाच्या कलाशैलीची खूण होय. स्थापत्याची जाण असलेल्या मंडळींनी आवाज उठवल्यावर १९६९ च्या अखेरीस या इमारतीला संरक्षण मिळाले. देऊळ, किल्ला किंवा राजवाडा नसलेली, केवळ कामाची जागा असलेली वास्तूही राष्ट्राचा वारसा ठरू शकते, ही कल्पना जर्मनीत रुजली ती येथून. म्हणूनच या प्रदेशाची ओळख करून घेणाऱ्याने सुरुवात त्सोलर्नपासून करावी हे उत्तम.

सर्वाधिक गर्दी होते ती एसेनच्या त्सोलफेराइन खाणीत. १८४७ मध्ये सुरू झालेल्या या खाणीचा बारावा शाफ्ट, म्हणजे कोळसा वर काढण्याचा उभा मार्ग, १९३२ मध्ये कार्यान्वित झाला, आणि फ्रिट्झ शुप व मार्टिन क्रेमर या वास्तुशिल्पींनी त्याभोवतीच्या इमारती इतक्या रेखीव बांधल्या की रोज सुमारे १२,००० टन कोळसा काढणारी ही जागा पाहणाऱ्याला आजही आधी सौंदर्यानेच थक्क करते. डिसेंबर १९८६ मध्ये खाण बंद झाली, राज्य सरकारने जागा ताब्यात घेतली, आणि २००१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. कोळसा धुऊन दगडमाती वेगळी करण्याच्या अजस्र इमारतीत २०१० पासून रूर संग्रहालय आहे. भगव्या रंगाच्या लांबलचक सरकत्या जिन्याने २४ मीटर उंचीवर जायचे आणि तिथून मजला-मजला उतरत वर्तमान, स्मृती आणि इतिहास अशा क्रमाने पाहायचे, अशी इथली रचना आहे. एके काळी कोळसाही असाच आधी वर नेला जाई आणि प्रक्रिया होत होत खाली येई. पाहणाऱ्याची पावले नकळत त्याच वाटेने पडतात. संग्रहालयाच्या मांडणीत इतकी समज क्वचितच दिसते.

तरीही यंत्र टिकते तसे माणसाचे कष्ट टिकत नाहीत, आणि या संग्रहालयांची खरी कसोटी तिथे लागते. त्या दृष्टीने खाणींतली कपडे बदलण्याची व अंघोळीची दालने कोणत्याही यंत्राहून अधिक बोलतात. कामगार आपले कपडे आकड्याला अडकवून साखळीने छतापर्यंत ओढून घेत, म्हणजे खालची जागा मोकळी राहे आणि ओले कपडे वरच्या उबेत वाळत. बोखुममधील हानोव्हर खाणीच्या संग्रहालयात स्थलांतराच्या इतिहासावर विशेष भर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलेले पोलिश भाषक, १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेले कामगार, आणि दुसऱ्या महायुद्धात बळजबरीने राबवलेले परदेशी नागरिक व युद्धकैदी, या सर्वांच्या घामावर हा प्रदेश उभा आहे. बोखुमच्याच जर्मन खाणकाम संग्रहालयात, १९३० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत, जमिनीखाली सुमारे २० मीटरवर बोगदे आहेत. कोळसा तिथून कधीच निघाला नाही, ते लोकांना दाखवण्यासाठीच खोदलेले आहेत, पण अंधार आणि कोंदटपणा यांची जाणीव ते पुरेपूर देतात.

कलादालनांचे मूळही याच मातीत आहे. कार्ल अर्न्स्ट ऑस्टहाउस या धनिकाने १९०२ मध्ये हागेन या कारखान्यांच्या गावी फोल्कवांग संग्रहालय उघडले, कारण धुराने माखलेल्या या भागातल्या लोकांनाही उत्तम कला आपल्या गावात पाहता यावी असे त्याला वाटे. त्याच्या मृत्यूनंतर १९२२ मध्ये हा संग्रह एसेनला आला. १९३७ मध्ये नाझी राजवटीने ‘अधःपतित कला’ ठरवून त्यातल्या हजाराहून अधिक कलाकृती जप्त केल्या. ही हानी पुरती भरून आली नाही. आज तिथला कायमस्वरूपी संग्रह विनामूल्य पाहता येतो, आणि संस्थापकाच्या इच्छेला याहून योग्य मान दुसरा नसावा.

मुंबईच्या गिरणगावाशी तुलना अपरिहार्य आहे. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टोलेजंग इमारती आल्या, आणि अनेक ठिकाणी चिमणी तेवढी उरली. रूरमध्येही सगळे वाचले असे नाही. डॉर्टमुंडचा एक पोलाद कारखाना सुटा करून चीनला पाठवला गेला आणि त्या जागी आता तळे आहे. पण पुष्कळ काही वाचले, कारण जमिनीच्या भावापेक्षा आठवणीचे मोल अधिक मानणारे लोक वेळेवर उभे राहिले.

बॉट्रॉपची प्रोस्पर-हानिएल ही शेवटची दगडी कोळशाची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. मात्र खाणकामामुळे काही ठिकाणी जमीन २० मीटरहून अधिक खचली आहे, पाणी आपोआप वाहून जात नाही, आणि म्हणून ते उपसणारे पंप रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. या कामाला तिथे ‘एविगकाइट्सआउफगाबेन’, म्हणजे चिरंतन कर्तव्ये, असे म्हणतात, आणि त्याचा खर्च २००७ मध्ये स्थापन झालेली एक संस्था उचलते.